सोळा शब्द आणि हिंगाची डबी

माझी मावशी ७१ वर्षांची आहे. ती किराणा आणायला जाते, पिशवीभर सामान घेऊन येते आणि दारात चप्पल काढता काढता कपाळावर हात मारते, "अगंबाई, हिंग राहिला!" पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय उगाच?" या म्हणीशी माझं जुनं भांडण आहे. साठीनंतर काहीतरी कमी होतं हे खरंच. पण जे कमी होतं ते बुद्धी नव्हे, आणि बऱ्याचदा आठवणही नव्हे. मग नेमकं काय, ते कळायला आधी एक खेळ खेळू.

खालचे सोळा शब्द एकदाच, सावकाश वाचा. लिहून घ्यायचं नाही.

भेंडी, रिक्षा, कपाट, मांजर, होडी, मुळा, शेळी, पाट, कारलं, एसटी, खुर्ची, उंदीर, सायकल, पलंग, वांगं, हत्ती.

आता मान वर करा आणि आठवतील तेवढे म्हणा. कुठल्याही क्रमाने चालतील.

स्मरणशक्ती तपासणारे मानसशास्त्रज्ञ जी चाचणी घेतात, तिची ही घरगुती नक्कल. खऱ्या चाचणीतही सोळाच शब्द असतात, चार प्रकारचे, मुद्दाम एकमेकांत मिसळलेले, आणि ती यादी पाच वेळा वाचून दाखवतात. किती शब्द आठवले हे तर मोजतातच, पण शब्द कुठल्या क्रमाने बाहेर आले हेही टिपून ठेवतात, आणि मला विचाराल तर खरी मौज त्यातच आहे. "भेंडी, मुळा, कारलं, वांगं" असे चारही शब्द एका दमात आले, तर ओळखावं की ऐकता ऐकताच मनात गट पडले होते. "या भाज्या, ही वाहनं, ही जनावरं, हे घरातलं सामान." कुणी तसं सांगितलेलं नसतं. ती आपली आपण लढवलेली युक्ती असते.

हा खेळ मी मावशीशी खेळले आणि तिच्या २२ वर्षांच्या नातीशीही. नातीने बारा शब्द सांगितले, तेही जवळजवळ गटागटाने. मावशीने सुरुवात केली "पाट" या शब्दापासून, मग मांजर, मग रिक्षा, मग थोडं थांबून वांगं. सात शब्दांवर गाडी अडली. "बास, गेलं सगळं," म्हणाली. मी विचारलं, "भाज्या कुठल्या होत्या?" तर चारही भाज्या धडाधड सांगितल्या. "जनावरं?" तीही चार.

म्हणजे शब्द गेलेले नव्हते. डोक्यात शिरले होते, तिथेच बसले होते. त्यांना हाक मारून बाहेर काढायची युक्ती तेवढी मावशीला आपणहून सुचली नव्हती. मी "भाज्या" म्हटलं आणि ती युक्ती बाहेरून पुरवली. (नातीला "पाट" काही आठवला नाही. नंतर कळलं, तिने पाट म्हणजे शेताला पाणी देतात तो समजला होता आणि तो कुठल्याच गटात बसेना. पाटावर बसून जेवलेल्या मावशीला तोच पहिला आठवला. हा मुद्दा पुढे लागणार आहे.)

आता मेंदूकडे वळू. सगळा मेंदू सांगायची गरज नाही, दोनच जागा पुरतील.

पहिली जागा कानाच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना, खूप आत. करंगळीएवढा, थोडा वळलेला तो भाग. सोळाव्या शतकात इटलीतल्या शरीरशास्त्रज्ञाला, अरँतियसला, तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून त्याचं नाव पडलं हिप्पोकॅम्पस. तो काय काम करतो, हे जगाला कळलं एका माणसाच्या दुर्दैवामुळे. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला फिट्सचा भयंकर त्रास होता. २५ ऑगस्ट १९५३ रोजी, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग आणि आजूबाजूचा ऐवज काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. हेन्रीची बुद्धी शाबूत राहिली, बोलणं शाबूत राहिलं, लहानपणही आठवत राहिलं. पण त्यानंतर घडलेली एकही नवी गोष्ट त्याच्या मनात टिकेना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिका त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, आणि प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी नव्याच बाई असत.

मिल्नरबाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावर चांदणी काढलेली. हाताकडे थेट पाहायचं नाही, आरशात पाहून ती गिरवायची. पहिल्यांदा कुणाचाही हात वेडावाकडाच जातो. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईदार झाला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि "काल काय झालं" ही आठवण वेगळी. हिप्पोकॅम्पस सांभाळतो ती दुसरी. आज सकाळी कोण आलं होतं, चावी कुठे ठेवली, डॉक्टरांनी काय सांगितलं, या सगळ्या नव्या घटना जागा, वेळ आणि माणसं यांच्यासकट एकत्र बांधून ठेवणं हे त्याचं काम. सायकल चालवणं, पोळी लाटणं, पेटीवर बोटं फिरवणं हे त्याच्या खात्यात येत नाही. म्हणून तर नव्वदीतली आजी नातवाचं नाव चुकते आणि मोदकाची कळी मात्र अचूक पाडते.

दुसरी जागा कपाळाच्या हाडामागे, म्हणजे मावशीचा हात बसतो नेमकी तिथेच. तिचं नाव प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. ही जागा आठवण साठवत नाही. कशाकडे लक्ष द्यायचं, कशाकडे नाही, आलेल्या माहितीची मांडणी कशी करायची, आणि आठवताना शोध कुठून सुरू करायचा हे ती ठरवते. या भागाला इजा झालेल्या माणसाला "तुम्ही ऐकलेल्या यादीत मांजर होतं का?" असं विचारलं तर तो बऱ्याचदा बरोबर "हो" म्हणतो. पण "यादी सांगा" म्हटलं की चाचपडतो. मावशीची अडचण याच जातीची, फक्त फारच सौम्य.

वय वाढताना मेंदू सगळीकडे सारखा झिजत नाही. डोक्याच्या मागच्या टोकाला, डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पहिल्यांदा पोचतं, तो भाग बराचसा जसाच्या तसा राहतो. कपाळामागचा भाग मात्र जास्त आक्रसतो. हिप्पोकॅम्पसही आक्रसतो, आणि साठीनंतर तो वेग वाढतो. मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भागही हळूहळू विरळ होतो, म्हणून निरोप पोचायला वेळ लागतो. आता "म्हातारपणी रोज हजारो पेशी मरतात" हे आपण ऐकत आलोय, ते निरोगी म्हातारपणाला तितकंसं लागू नाही. पेशी बहुतांशी जागेवरच असतात. त्यांच्या फांद्या आणि एकमेकींशी असलेल्या गाठी कमी होतात. झाड उभंच असतं, पानं विरळ होतात. आजारामुळे होणारा ऱ्हास वेगळा, त्याबद्दल खाली बोलू.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातल्या संशोधकांनी गट पाडायची युक्ती आणि मेंदूचं आक्रसणं या दोन धाग्यांची गाठ घालून पाहिली. त्यांचं काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तरुणांपासून वृद्धांपर्यंतच्या माणसांना त्यांनी हीच सोळा शब्दांची चाचणी दिली आणि त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढून कपाळामागच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतला करडा भाग (म्हणजे जिथे पेशी असतात तो) मोजला. वय जास्त, तसे शब्दांचे गट पाडणं कमी. पण त्याचबरोबर, कपाळामागच्या मधल्या पट्ट्यांत (दोन्हीकडच्या) आणि डावीकडच्या खालच्या पट्ट्यात ज्यांचा करडा भाग जास्त, ते गट जास्त पाडत. आकडेमोड करून पाहिली तेव्हा वयाचा गट पाडण्यावर होणारा परिणाम याच जागांच्या आकारमानाच्या वाटेने येताना दिसला. साध्या शब्दांत सांगायचं, तर नुसत्या वाढदिवसांनी युक्ती हरवत नाही, युक्ती सुचवणारी जागा बारीक झाली की ती हरवताना दिसते. आणि ती जागा सगळ्यांची सारखी बारीक होत नाही, म्हणून ऐंशीचे एखादे काका भिशीतल्या सगळ्यांचे हप्ते तोंडपाठ सांगतात.

सावधगिरीचा एक शब्द इथे हवा. अशा अभ्यासात वेगवेगळ्या वयांची माणसं एकाच वेळी मोजलेली असतात. एकाच माणसाचा मेंदू चाळीस वर्षं पाहत बसलेलं नसतं. त्यामुळे "संबंध दिसला" एवढंच म्हणायचं, "हेच कारण" असा निकाल द्यायचा नाही.

मला यातली सगळ्यात दिलाशाची बाब अशी वाटते की युक्ती आपणहून सुचणं आणि दिलेली युक्ती वापरता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक यांनी हे फार पूर्वीच मांडलं. वय वाढतं तसं जे काम मनाने स्वतः सुरू करायचं असतं ते जड जातं, पण आजूबाजूने आधार मिळाला की तरुण आणि वृद्ध यांच्यातली दरी बरीच बुजते. सेंट लुइसच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात वृद्धांना अर्थाच्या युक्त्या शिकवल्या. शब्द ऐकला की तो आवडतो का नावडतो ते ठरवा, त्याचा तुमच्या आयुष्याशी संबंध लावा, त्याचं वाक्य करा. त्यांची आठवण सुधारली, मेंदूच्या पुढच्या भागातल्या हालचालीही बदलल्या, आणि डावीकडचा हा बदल त्यांच्यातच जास्त दिसला ज्यांनी युक्त्या जास्त वापरल्या.

अर्थच का? क्रेक आणि मानसशास्त्रज्ञ एंडेल टुलविंग यांनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग छापला होता. काही शब्दांबद्दल विचारायचं, "हा मोठ्या अक्षरात आहे का?" काहींबद्दल, "याचं अमक्या शब्दाशी यमक जुळतं का?" आणि काहींबद्दल, "हा या वाक्यात बसेल का?" नंतर अचानक परीक्षा. अर्थाला भिडलेले शब्द सर्वांत जास्त लक्षात राहिले, लक्षात ठेवा असं कुणी सांगितलेलं नसतानाही. मावशीच्या पाटाचं रहस्य हेच. तिच्यासाठी तो शब्द म्हणजे बसायची जागा, पंगत, वाढणाऱ्या बायका, भाऊबीज. नातीसाठी कुठला तरी शेतातला पाट, स्वतःचं असं काहीच नाही. शब्दांचा आणि जगाच्या ज्ञानाचा साठा उतारवयातही टिकतो, बऱ्याच वर्षांपर्यंत वाढतोही. म्हणजे वृद्धांच्या हाती भांडवल तरुणांपेक्षा मोठं. ते वापरायची आठवण तेवढी करून द्यावी लागते.

नावांचं दुखणं मात्र सगळ्यांनाच असतं आणि त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. इंग्रजीत हा प्रयोग "बेकर" या आडनावावर झालाय. आपल्याकडे त्याला "सुतार" आयता मिळतो. एका माणसाचा फोटो दाखवून सांगितलं, "हे सुतारकाम करतात," तर ते लक्षात राहतं. तोच फोटो दाखवून सांगितलं, "यांचं आडनाव सुतार," तर विसरतं. शब्द तोच! सुतारकाम म्हटलं की रंधा येतो, भुसा येतो, लाकडाचा वास येतो, धरायला दहा फांद्या मिळतात. आडनाव म्हटलं की ते चेहऱ्याला नुसतं चिकटवलेलं, मागे काहीच नाही. आणि दोन असंबद्ध गोष्टींची अशी जोडी बांधणं हेच वाढत्या वयात सर्वांत जास्त अडतं. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव ओळखीचं वाटतं, हे नाव या चेहऱ्याचं एवढंच निसटतं. उपाय सरळ आहे. आडनावाला अर्थ चिकटवा. पाटीलकाकूंना मनातल्या मनात चावडीवर बसवा. काकूंना सांगू नका म्हणजे झालं.

दुसरा उपाय, परत परत वाचण्यापेक्षा परत परत आठवायचा. नवीन शेजाऱ्याचं नाव कळलं की अर्ध्या मिनिटाने मनात म्हणा, मग दोन मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, मग रात्री. दर वेळी अंतर वाढवायचं. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांनाही या पद्धतीने एखादी गरजेची गोष्ट शिकवता येते, इतकी ती भक्कम आहे.

पुढे करायच्या कामांसाठी जुन्या बायका पदराला गाठ मारत. गाठ "काहीतरी आहे" एवढंच सांगते, "काय" ते सांगत नाही. ते हिप्पोकॅम्पसने सांगायचं, आणि तो त्या दिवशी दुसरीकडेच बघत असतो. त्यापेक्षा काम एखाद्या ठरलेल्या हालचालीला बांधलेलं बरं. "बीपीची गोळी घ्यायची आहे" असं घोकण्याऐवजी "सकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की गोळी" असं ठरवायचं आणि ते दृश्य एकदा डोळ्यांसमोर आणायचं. मग आठवायचं काम कप करतो.

घरातल्या ओळखीच्या जागांवर एकेक वस्तू मनाने ठेवत जायची जुनी ग्रीक युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती वृद्धांनाही जमते, त्यांची यादी चांगली लांबते. पण बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी तरुणांना आणि वृद्धांना सारखंच शिकवून पाहिलं, तेव्हा तरुण आणखी पुढे निघून गेले. दोघांतलं अंतर उलट वाढलं. युक्तीने माणूस सुधारतो, तरुण होत नाही. शिवाय ही युक्ती रोजच्या जगण्यात फारसं कुणी वापरत नाही. भाजी आणायला कोण मनातल्या मनात वाडा बांधत बसणार? कागद आणि पेन्सिल आहे की.

इथेच "मेंदूचा व्यायाम" म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सचा हिशेब लावून टाकू. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या २,८३२ लोकांवर अ‍ॅक्टिव्ह नावाची मोठी चाचणी झाली. एका गटाला आठवणीच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्काच्या, तिसऱ्याला झटपट नजर फिरवण्याच्या, दहा-दहा सत्रांत शिकवल्या. ज्याने जे शिकलं त्याच्या चाचणीत तो सुधारला, दुसऱ्या प्रकारच्या चाचण्यांत नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर तर्काचा आणि वेगाचा फायदा थोडा उरला होता, आठवणीचा ओसरला होता. शब्दकोडं सोडवणारा शब्दकोड्यात तरबेज होतो. तेवढ्यासाठी सोडवावं, छानच असतं. त्याने गॅस बंद करायची आठवण राहील ही अपेक्षा नको.

मग मेंदूची रचना बदलतच नाही का? बदलते, पण त्याला कष्ट लागतात. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूच्या अभ्यासक एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. "आधीच मोठा असेल, म्हणून परीक्षा पास झाले" ही शंका रास्त होती. म्हणून पुढे ७९ उमेदवारांना सुरुवातीपासून मोजलं. सुरुवातीला सगळे सारखे होते, आणि काही वर्षांनी जे पास झाले त्यांच्यातच तो भाग वाढला. पण हे लोक तरुण किंवा मध्यमवयीन होते, आणि तीन-चार वर्षं रोज राबलेले. वृद्धांपुरतं बोलायचं तर २०११ मध्ये अमेरिकेत १२० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालवलं, निम्म्यांना नुसते ताण देण्याचे हलके व्यायाम. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा कमी झाला होता. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका स्वच्छ निकाल लागला नाही, तरी चालण्याच्या बाजूने मी मत देईन. त्यात तोटा नाही.

हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि अक्षरओळख नसलेल्यांतही हा फरक होता. यावर वाद आहेत, इतर ठिकाणी सगळीकडे असं आढळत नाही. तरी घरात मराठी, बाजारात हिंदी आणि माहेरी कानडी बोलणाऱ्या बायकांनी हे वाचून थोडं ताठ बसायला हरकत नाही.

विसरण्याची काळजी कधी करायची? हिंग विसरणं चालतं. हिंग कशाला वापरतात हे विसरणं चालत नाही. तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, बँकेचे व्यवहार एकाएकी न जमणं, स्वभाव बदलणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. काही कारणं साधी आणि सुधारता येण्यासारखी असतात. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती पुष्कळ असते), थायरॉइड, मनाची उदासी, अपुरी झोप, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या. आणि कान. नीट ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? श्रवणयंत्र लावायला लाजणारे काका चष्मा मात्र दिमाखात लावतात, याचं मला कायम नवल वाटतं.

मावशीला मी गट पाडायला शिकवलं. तेच शब्द परत विचारणं लबाडी झाली असती, म्हणून नवी यादी केली. मसाले, दागिने, फुलं आणि कपडे. तिने सोळापैकी तेरा शब्द सांगितले. दागिने तर तिने गट म्हणून लक्षात ठेवलेच नव्हते. ठुशी मोठ्या जावेची, बुगडी आईची, तन्मणी मोडून खोली घेतली तो, आणि नथ जी पुण्याच्या एका लग्नात हरवली ती. नथीची गोष्ट मग अर्धा तास चालली.

तेवढ्या आनंदात ती किराणा आणायला गेली. यादीही केली होती या वेळी, हिंग पहिल्या नंबरला. यादी फ्रिजवर चुंबकाखाली होती आणि मावशी दुकानात. आता हिंगाची डबी रिकामी झाली की ती थेट पिशवीतच टाकून ठेवते.